परवानाधारकाचे अज्ञान

परिवहन खात्यात मोटार वाहन निरीक्षक म्हणून दुचाकीस्वारांच्या परीक्षा घेण्यात उमेदीची सारी वर्षे खर्ची पडली असल्यामुळे, रस्ता-सुरक्षेविषयी जनता अज्ञानी आहे असे व्यासपीठावरून सांगितले जाते, तेव्हा ते विधान मला निम्मेच खरे वाटते. पुण्यातला कोणताही स्वार घ्या. हेल्मेटची सक्ती, दंडाची रक्कम आणि पोलीस कोणत्या चौकात उभा असतो, याची त्याला खडान्‌खडा माहिती असते. हेल्मेट हा जणू सरकारजमा करावयाचा कर आहे आणि तो चुकवण्यातच चातुर्य आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

परीक्षेच्या मैदानावर उमेदवार येतो तो हेल्मेट कोपरात अडकवून. निरीक्षकासमोर ते डोक्यावर चढते, पण हनुवटीखालचा पट्टा लोंबतच राहतो. हेल्मेटचे खरे सामर्थ्य चकचकीत कवचापेक्षा आतल्या थर्मोकोलच्या थरात अधिक आहे, तो थर स्वतः चिरडून आघात सौम्य करतो, म्हणून एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी निकामी समजावे, आणि पट्टा न बांधलेले तर ऐन वेळी डोक्यावरून निसटते, हे त्याच्या गावीही नसते. ‘शहरात वेग असतोच कोठे?’ हा त्याचा ठेवणीतला युक्तिवाद. परंतु दीड मीटर उंचीवरून पडणारे डोके, गाडी जागच्या जागी कलंडली तरी, जमिनीवर ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाने आदळते.

ब्रेकविषयीचे अज्ञान याहून घातक. पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर आपटतो, ही समजूत बाप मुलाला गाडीच्या किल्लीबरोबरच देतो. वाळूवर किंवा वळणावर ही भीती रास्त आहे. परंतु कोरड्या, सरळ रस्त्यावर ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके होऊन घसरू लागते, आणि गाडी थांबवण्याचे मुख्य काम, हिसका न देता दाब वाढवत नेल्यास, पुढचा ब्रेकच करतो. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची योजना किंवा एबीएस २०१९ पासून सक्तीचे झाले. पण यंत्राने हाताला शिकवले असे मात्र झाले नाही.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. असे असता आमच्या मैदानावर, जमिनीला पाय न टेकवता आठाचा आकडा काढला की परवाना पदरात पडतो, म्हणजे तोल पारखला जातो, थांबणे पारखले जात नाही. वास्तविक १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आणीबाणीच्या प्रसंगी वाहन थांबवण्याची कसोटी नमूद आहे. तेव्हा नव्या हुकमाची वाट न पाहता, ताशी तीसच्या वेगाने येणाऱ्या उमेदवाराला चुन्याच्या दोन रेघांमध्ये दोन्ही ब्रेक लावून थांबायला लावावे, आणि ज्याला ते साधणार नाही त्याच्या अर्जावर, वशिला कोणाचाही असो, ‘अनुत्तीर्ण’ असा शेरा मारावा.