मित्रांच्या गावी आरव्हीने





आरव्ही म्हणजे पलंग, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम घेऊन चालणारी गाडी. बसच्या आकाराची ‘क्लास ए’, व्हॅनमध्येच सगळे बसवलेली ‘क्लास बी’ आणि चालकाच्या डोक्यावर झोपायची माची असलेली ‘क्लास सी’ असे तिचे मुख्य प्रकार. मोटारीमागे ओढायचे ट्रेलर वेगळे. अमेरिकेत भाड्याने बहुधा ‘क्लास सी’ मिळते, आणि २६,००० पौंड वजनाच्या आतली गाडी चालवायला बहुतेक राज्यांत साधा परवाना पुरतो. गॅलनला आठ-दहा मैलच पडत असल्याने हा प्रवास स्वस्त होईल असे मात्र धरू नये. त्याचा फायदा दुसराच आहे: पाहुणा यजमानाच्या दारी आपले अंथरूण घेऊन येतो.

या फायद्याचे मोल उतारवयात कळते. अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्याने राष्ट्रवार कोट्याची पद्धत गेली आणि मराठी इंजिनिअर व डॉक्टर तिथे जाऊ लागले. कॉलेजात एका खोलीत राहिलेले मित्र नोकरीपायी हजार-हजार मैलांवर पांगले. ही पिढी आता पंचाहत्तरीच्या आसपास आहे. दुसऱ्याच्या घरी मुक्काम करणे तिला अवघड जाते. झोपायच्या खोल्या माडीवर, आणि गुडघे जिना चढायला तयार नसतात; रात्री दोनदा उठावे लागते; पथ्ये, औषधांच्या वेळा, झोपताना श्वासासाठी लावायचे यंत्र हे सगळे बरोबर असते. यजमानीणही थकलेली असते. पाहुण्यांच्या चादरी-टॉवेलांची उस्तवार तिच्याच गळ्यात पडते, हे मित्रमंडळी गप्पांच्या भरात सोयीस्करपणे विसरतात. म्हणून भेटी एका जेवणावर उरकल्या जातात. गाडी दारात उभी असली की तीच भेट तीन दिवस चालते. ‘वर खोली रिकामी असताना बाहेर गाडीत कशाला झोपता?’ असा आग्रह मराठी घरात होणारच. तो प्रेमाने मोडावा आणि दुसऱ्या सकाळी यजमान नवरा-बायकोलाच गाडीत चहा-पोह्यांना बोलवावे. पाहुण्याने यजमानाला बसवून खाऊ घालावे, ही सोय दुसऱ्या कुठल्याच प्रवासात नाही.

दारात गाडी लावण्याचे काही नियम आहेत. अनेक शहरांत आणि वसाहतींत आरव्ही रस्त्यावर किंवा ड्राइव्हवेवर किती वेळ उभी करता येईल याला मर्यादा असते. ती यजमानाने आधी विचारून ठेवावी. ड्राइव्हवेची लांबी आणि उतार, वरच्या फांद्या, खाली लोंबणाऱ्या तारा हेही फोनवर बोलून घ्यावे. गाडी सपाट उभी नसेल तर झोप लागत नाही, आणि गॅसवर चालणारा फ्रीज बिघडतो. विजेचे गणित नीट समजून घ्यावे. कॅम्पग्राउंडवर ३० किंवा ५० अँपिअरची जोडणी असते. घराच्या साध्या प्लगवर १५ अँपिअरच मिळतात. त्यावर दिवे आणि बॅटरी चार्जर आरामात चालतात, पण एसी लावला की यजमानाच्या घराचा ब्रेकर पडण्याची शक्यता असते. घरापासून गाडीपर्यंतची वायर जाड हवी. पाण्याच्या टाक्या तीन असतात: स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची आणि मैल्याची. पहिली मित्राच्या नळावर भरावी. उरलेल्या दोन येण्याआधीच डम्प स्टेशनवर रिकाम्या करून याव्यात. मित्राच्या अंगणात त्या उघडण्याचा विचारही करू नये. जनरेटर शेजाऱ्यांना त्रास देतो, तो बंदच ठेवावा.

मार्ग आखताना आरव्हीवाल्यांचा एक जुना नेम पाळावा: दिवसाला ३०० मैलांपेक्षा जास्त जाऊ नये, दुपारी तीनपर्यंत मुक्कामी पोहोचावे आणि एका जागी तीन दिवस राहावे. शिकागोहून पश्चिमेला जाणारा आय-९० हा महामार्ग त्यासाठी चांगला. रॅपिड सिटीपर्यंतचे सुमारे ९०० मैल त्यात सहज बसतात. विस्कॉन्सिनमधले मॅडिसन हे विद्यापीठाचे गाव, मिनेसोटातले रॉचेस्टर मेयो क्लिनिकचे. डॉक्टर-प्राध्यापक मित्र अशाच गावांत स्थिरावलेले असतात.

साउथ डकोटात शिरल्यावर पाहण्यासारखे बरेच आहे. मिचेलचे कॉर्न पॅलेस पहिल्यांदा १८९२ साली उभे राहिले. त्याच्या भिंतींवरची चित्रे रंगीत मक्याच्या कणसांची असतात आणि ती पुन्हा पुन्हा नव्याने लावली जातात. वॉल या चिमुकल्या गावातले औषधांचे दुकान १९३६ मध्ये वाटसरूंना फुकट बर्फाचे पाणी देऊ लागले आणि तेवढ्यावर देशभर गाजले. जवळच बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या टेकड्या आहेत, त्या सूर्यास्ताच्या सुमारास पाहाव्यात. माउंट रशमोरवर १९२७ ते १९४१ या काळात कोरलेले चार अध्यक्षांचे चेहरे साठ-साठ फुटी आहेत. ते पाहताना हेही माहीत असावे, की हा डोंगर ज्यांत आहे ते ब्लॅक हिल्स १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहाने सू या मूळनिवासी लोकांकडे राहायचे होते आणि ते बेकायदा घेतल्याची भरपाई देण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिला. सू लोकांनी ते पैसे स्वीकारलेले नाहीत. त्यांना भूमी हवी आहे. ही गोष्ट कळल्याशिवाय त्या डोंगराचे दर्शन अपुरे राहते.

स्थळे पाहायला मात्र आरव्ही काढू नये. तिथल्याच कस्टर स्टेट पार्कमधल्या नीडल्स हायवेवर एक बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आहे. आरव्हीचे अंगच जवळपास तेवढे असते. ती मित्राच्या दारात किंवा कॅम्पग्राउंडवर ठेवावी आणि त्याच्या मोटारीतून हिंडावे. चौघे एका गाडीत बसले की बायसनांचा कळप रस्ता ओलांडेपर्यंत थांबणेही सुखाचे होते, आणि त्या भागात राहणाऱ्या मित्राला कुठल्या वळणावर थांबायचे ते ठाऊक असते.

बासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना राष्ट्रीय उद्यानांचा आजन्म पास ८० डॉलरला मिळतो. तो आधी काढून ठेवावा. या भागात मे अखेर ते सप्टेंबर हाच प्रवासाचा खरा काळ असल्याने कॅम्पग्राउंडच्या जागा महिनोन्महिने आधी राखाव्या लागतात. मार्ग ठरवताना ज्या मित्राची तब्येत सर्वांत नाजूक असेल, त्याचे गाव पहिले घ्यावे आणि बाकीच्या गावांचा क्रम त्यानंतर लावावा.