फ्रिजचा केशरी दिवा

मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला आले. पहिल्याच रात्री पाणी प्यायला उठले, तर फ्रिजच्या दारावर केशरी दिवा. सकाळी लेकीला विचारलं. "फिल्टर बदलायचा दिवा आहे गं तो. मागे लाल झाला होता, तेव्हा ह्याने बटण दाबून घालवला."

तीन सेकंद बटण दाबून धरलं की दिवा हिरवा होतो, आत फिल्टर जुनाच का असेना. तिथून पुन्हा सहा महिने मोजायला सुरुवात. म्हणजे हा केशरी दुसऱ्या खेपेचा, आणि फिल्टर जवळजवळ वर्षाचा. घरात अकरा दिवसांचं बाळ, आणि वरच्या दुधाच्या बाटलीत हेच पाणी.

*

दिवा पाणी तपासत नाही. या फ्रिजचा दिवा दिवस मोजतो, काही फ्रिज किती पाणी घेतलं तेही मोजतात. पण पाण्यात काय आहे हे दोघांनाही कळत नाही. या फिल्टरच्या माहितीत लिहिलंय : सहा महिने किंवा २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर, जे आधी होईल ते.

*

पालिकेच्या पाणी प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे हात स्वस्थ बसेना. जावयाला पोहण्याच्या तलावाचं पाणी तपासायचा संच आणायला सांगितला. त्यातली एक बाटली म्हणजे आपली ओटीच, ऑर्थोटोलिडिन. आपल्याकडे टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलाय ना, हे ज्या थेंबांनी बघतात तेच हे थेंब.

दोन नळ्या घेतल्या. स्वयंपाकघराच्या नळाचं पाणी पिवळं झालं, चांगलं लिंबासारखं. फ्रिजचं पाणी रंगहीन राहायला हवं होतं, तेही पिवळसर झालं. पांढऱ्या कागदासमोर धरून लेकीला दाखवलं. ती काही बोलली नाही. तिने बाटलीतलं दूध ओतून दिलं.

नळाच्या पाण्यात असतो तेवढा क्लोरीन पोटात गेल्याने बाळाला काही होत नाही, जंतू मरावेत म्हणूनच तो पाण्यात घालतात. माझी काळजी वेगळी होती : जो फिल्टर क्लोरीनही धरू शकत नाही, त्याच्यावर दुसऱ्या कशासाठी विसंबायचं?

*

फिल्टरच्या पोटात कोळसा असतो, पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा. वाफेने किंवा रसायनाने त्याला इतकी बारीक छिद्रं पाडलेली असतात की एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. एका ग्रॅमला दहा गुंठे! त्या दहा गुंठ्यांवर वास, चव, काही रसायनं चिकटून बसतात. जागा भरली की पुढचं सगळं सरळ पेल्यात येतं.

क्षार मात्र चिकटत नाहीत. म्हणून टीडीएसचा मीटर बुडवून हा फिल्टर तपासता येत नाही, आकडा आधी आणि नंतर जवळपास तोच येतो. आपल्याकडे आरओची सवय असलेली माणसं इथे हमखास फसतात.

*

घर १९५० च्या आसपासचं, म्हणून मला शिशाची धास्ती. न्यूअर्क इथून फार लांब नाही. तिथे घरोघरच्या शिशाच्या नळांमुळे पाण्यात शिसं सापडलं आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोक बाटलीबंद पाण्यासाठी रांगेत उभे राहिले. मग तीनेक वर्षांत शहराने वीस हजारांवर शिशाचे नळ उपटून तांब्याचे घातले. एवढं काम इतक्या झपाट्याने झालेलं मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही. त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो.

पाणी उकळून शिसं जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. ही गोष्ट बाळंतिणीच्या घरात सांगावीच लागते, कारण आपला सगळा भरवसा उकळण्यावर. आणि बाटलीसाठी गरम नळाचं पाणी कधी घ्यायचं नाही, गरम पाणी नळातून शिसं जास्त सोडवतं. गार घ्यावं, मग तापवावं.

बेसमेंटमध्ये उतरून, रस्त्याकडून घरात येतो तो नळ किल्लीने खरवडला. शिसं असतं तर मऊ लागलं असतं आणि चांदीसारखं चकाकलं असतं. निघालं तांबं, नव्या पैशासारखं लालसर. जीव भांड्यात पडला. पण १९८६ पर्यंत जोडांच्या सोल्डरमध्येही शिसं चालत असे, म्हणून पूर्ण निर्धास्त काही झाले नाही.

*

जावयाने आधी स्वस्तातला फिल्टर मागवला होता, एकावर दोन. आकार हुबेहूब. खोक्यावर फक्त ४२. हा अमेरिकन मानकाचा आकडा, चव-वास-क्लोरीन यांच्यापुरता. शिशासाठी ५३ लागतो, आणि त्यातही शिशाचं नाव लिहिलेलं आहे का ते बघावं लागतं, कारण ५३ एकेका पदार्थासाठी वेगळा मिळतो. मी म्हटलं, "परत कर." तो म्हणाला, "आई, तुम्ही म्हणाल तसं." दुसरा तिप्पट महाग पडला. पडू दे.

*

बदलण्याचं काम पाच मिनिटांचं. आतल्या वरच्या कोपऱ्यातलं झाकण उघडून खाली टॉवेल धरायचा, जुना फिल्टर डावीकडे पाव फेरा फिरवून ओढायचा. थोडं पाणी सांडतं. नव्याच्या रबरी रिंगा जागेवर आहेत ना ते बोटाने चाचपायचं. टक्क आवाज येईपर्यंत फिरवायचं.

खरं काम पुढे. पहिलं पाणी फुरफुरत, धापा टाकत आलं, राखाडी, तळाला कोळशाची पूड. अकरा लिटर सोडलं. लेकीच्या तुळशीला आणि मागच्या गुलाबांना घातलं. बर्फाच्या पहिल्या दोन खेपाही टाकल्या.

*

माझी आजी हंड्याच्या तोंडाला पंचा दुहेरी बांधून पाणी गाळायची. गावात नारू होता. पायऱ्यांच्या विहिरीत माणसाच्या पायातल्या जंताच्या अळ्या पाण्यात उतरत आणि पाण्यातल्या इवल्याशा किड्यावाटे दुसऱ्याच्या पोटात जात. तो किडा पंच्यावर अडकतो. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला. त्या यशात औषधाचा वाटा नाही, नारूवर औषधच नव्हतं. फडक्याचा आहे, बांधून बंद केलेल्या विहिरींचा आहे, हातपंपाचा आहे.

आजीचा पंचा रोज धुतला जायचा, उन्हात वाळायचा.

*

फिल्टरने क्लोरीन काढून घेतल्यावर पाण्याला राखण उरत नाही. म्हणून चार दिवस कुठे जाऊन आलात तर आधीचं साचलेलं पाणी सोडून द्यायचं. हे लेकीच्या वहीत लिहून ठेवलं.

*

संध्याकाळी पुन्हा ओटी. नळाचं पिवळं, फ्रिजचं स्वच्छ. लेकीने दोन्ही नळ्या स्वतः धरल्या, बाळ खांद्यावर.

नव्या फिल्टरवर चिकटपट्टी लावून मार्करने तारीख लिहिली, आणि खाली बदलायचा महिना : ऑक्टोबर. तेव्हा मी पुण्यात असेन. थेंबांची बाटली फ्रिजवरच्या कपाटात ठेवली आहे.