टीचर अक्कांचा डबा

तुमच्या घरात असा एखादा डबा आहे का, जो तुमचा नाही? शेजारून काहीतरी भरून आलेला आणि धुऊन फळीवर तसाच राहिलेला? आमच्याकडे असा एक स्टीलचा डबा आहे. आज त्याचीच गोष्ट सांगते.

आम्ही तिरुविडैमरुदूरला राहतो, कुंभकोणमच्या जवळ. महालिंगस्वामींच्या देवळाचं हे गाव. रस्त्यावर तमिळ, घरात आमची तंजावरी मराठी. पण घरातला एक नियम तुमच्यासारखाच: शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. आजी याबाबतीत फार कडक होती.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये अप्पांचं काम थांबलं. ते तिरुबुवनमला रेशमी साड्यांच्या एका दुकानात हिशेब लिहायचे. लग्नं पुढे गेली, दुकान बंद झालं, पगारही बंद. मी तेव्हा बी.ए. करत होते. रेशनचा तांदूळ होता, पण भाजी घेताना आई दोनदा विचार करायची.

आम्ही कुणाला काही बोललो नव्हतो. तरी एका सकाळी शेजारच्या टीचर अक्का दारात डबा ठेवून गेल्या. आत भेंडी, वांगी आणि कढीपत्ता. अक्का निवृत्त शिक्षिका आहेत. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक छोटं चर्च आहे. त्याच्यामागच्या मोकळ्या जागेत त्या आणि आणखी चार-पाच जणी भाजी लावतात. ज्याच्याकडे अडचण, त्याच्या दारात डबा. तो कुठल्या देवाला हात जोडतो, हे कुणी विचारत नाही.

सुरुवातीला आजी डब्यात कधी साखर, कधी लोणच्याची फोड घालून पाठवायची. मग एक दिवस घालण्यासारखं काही उरलं नाही. जे होतं, ते मोजून होतं. डबा रिकामा गेला. आजी त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का मास्क लावून अंगणात उभ्या राहिल्या. आजीला म्हणाल्या, "अम्मा, तुमच्या परसात पूर्वी लांबलचक पडवळ यायचं. त्याचं बी असेल का हो? आमच्या बागेत नाही."

आजी लगेच उठली. राखेत घोळवून पुरचुंडीत बांधून ठेवलेल्या बिया तिने काढल्या आणि डब्यात घातल्या. तिचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो. सतत घ्यावं लागणाऱ्या माणसाकडे कुणी काही मागितलं, की त्याचा मान त्याला परत मिळतो. मदत कशी करावी, हे मी त्या दिवशी शिकले.

आमच्या तंजावरलाही कृतज्ञतेची एक जुनी खूण आहे. 1781 च्या सुमारास हैदर अलीच्या स्वारीमुळे तिथे उपासमार सुरू झाली. पैसे मिळतील यावर शेतकऱ्यांचा विश्वास नव्हता, म्हणून धान्य येईना. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी 'पैसे मी देईन' असा शब्द दिला, तेव्हा धान्य आलं. पुढे लहानग्या सरफोजींच्या पाठीशीही तेच उभे राहिले. 1798 मध्ये श्वार्ट्झ वारले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. त्यांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतलं. मृत्युशय्येवरच्या श्वार्ट्झांचा हात सरफोजींनी धरलाय, असं ते शिल्प. शिवगंगा बागेजवळच्या चर्चमध्ये ते आजही आहे. राजे हिंदूच राहिले, पण उपकार विसरले नाहीत.

आमच्याकडे संगमरवर नव्हता. पडवळाच्या बिया होत्या.

2022 मध्ये आजी गेली. वेल मात्र चर्चच्या मागे दरवर्षी चढतो. पडवळ सरळ वाढावं म्हणून अक्का त्याच्या टोकाला दगड बांधतात, अगदी आजीसारखा.

इथल्या चर्चमध्ये सुगीचा सण असतो. लोक आपल्या शेतातलं, परसातलं पहिलं पीक आणतात आणि मग त्याचा लिलाव होतो. गेल्या वर्षी अक्कांनी मला बोलावलं. नारळ, केळी, कोंबडीसुद्धा होती! आणि एक हातभर लांब पडवळ. मी 50 रुपयांपासून बोली लावली. मागून एक आजोबा मुद्दाम भाव चढवत होते. शेवटी 350 ला मिळालं. सगळे हसले. मला मात्र रडू आलं.

घरी आईने डाळ घालून त्याची भाजी केली. अक्कांचा डबा फळीवरून काढला, काठोकाठ भरला आणि मी तो शेजारी देऊन आले.

दोन दिवसांनी डबा परत आमच्या दारात होता. आत भेंडी.

तुमच्या फळीवरही कुणाचा डबा असेल, तर आज जरा बघा. भरून देण्यासारखं काही नसेल, तर दोन बियासुद्धा चालतात.