शिकवलं की सुरतेला पळतो?

आमच्या नंदुरबारकडे कामगाराला शिकवायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "शिकवलं की सुरतेला पळतो." अगदीच खोटं म्हणवत नाही. नवापूरचं रेल्वे स्थानकच निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत! गाडीत बसलं की सुरत काही लांब नाही. मग पदरचे पैसे घालून दुसऱ्यासाठी कारागीर कोण तयार करील?

शाही एक्सपोर्ट्स ह्या कपडे शिवणाऱ्या कंपनीने मात्र २०१३-१४ च्या सुमारास बंगळुरूत हे करून पाहिलं. पाच कारखान्यांतल्या बायकांना आठवड्याला दोन तास, असं जवळजवळ वर्षभर शिक्षण दिलं. शिवणकामाचं नव्हे बरं का! चारचौघांत कसं बोलावं, वेळ कसा सांभाळावा, अडचण वरिष्ठांपुढे कशी मांडावी, असले धडे. इच्छुक जास्त आणि जागा कमी, म्हणून निवड चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली. त्यामुळे शिकलेल्या आणि न शिकलेल्यांची तुलना नीट करता आली. ती अच्युत अध्वर्यू व त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी केली.

शिकलेल्यांची उत्पादकता सुमारे १३ टक्क्यांनी जास्त भरली. वर्ग संपून आठ महिने होईपर्यंत कंपनीचा खर्च निघून वर अडीचपट फायदा झाला. आणि शिकलेल्या बायका इतरांपेक्षा जास्त प्रमाणात नोकरी सोडून गेल्या नाहीत. म्हणजे पळून जाण्याची भीती निदान तिथे तरी खोटी ठरली.

जन्मभर खडू हातात धरलेल्या माणसाला हे वाचून आनंद व्हायचाच. पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. पगार वाढला तो जेमतेम अर्धा टक्का! १३ टक्के जास्त काम आणि अर्धा टक्का जास्त पगार, हे त्रैराशिक काही मला सुटेना.

मला वाटतं, आयटीआयचं प्रमाणपत्र दुसऱ्या कारखान्याच्या दारात दाखवता येतं. नीट बोलणं, समजून वागणं कागदावर कसं दाखवणार? म्हणून त्या राहिल्या, आणि नफा मालकाकडे राहिला.

तेव्हा आपल्याकडच्या कारखानदारांनी जरूर शिकवावं, त्यात तोटा नाही. फक्त वाढलेल्या कामातला थोडा वाटा शिकणाऱ्याच्या हातावरही ठेवावा. सुरतेला माणूस हौसेने थोडाच जातो? चार पैसे जास्त मिळतात म्हणूनच जातो ना!