ठकी

क्रॉफर्ड मार्केटातून बुटाच्या खोक्यात बसून ती डोंबिवलीला आली, ते साल २००७. संध्याकाळची फास्ट लोकल, खोकं छातीशी धरलेलं, आणि दर स्टेशनाला मला वाटे, गुदमरली बहुतेक. घरी झाकण उघडलं तर तांबूस-पांढरं गिनीपिग सुखरूप. शेपूट नाही. पुढच्या पायांना चार-चार बोटं, मागच्यांना तीन-तीन.

लेकीने वरून झडप घालून तिला उचललं, मांडीवर उताणी पाडली, पोटाला गुदगुल्या केल्या. ती हूं की चूं करेना. मजल्यावरची पोरं मग तिला हातोहात फिरवू लागली. "लाकडी बाहुलीसारखी पडून राहते हो, किती लाडोबा!" असं आम्ही कौतुकाने सांगायचो. नाव त्यावरूनच पडलं, ठकी.

महिन्या-दीड महिन्यात ती पाय आखडून चालायला लागली. ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लेकीलाच विचारलं, "तू उचललंस की ही काय करते?"

"काही नाही. शांत बसते."

"शांत नाही बसत गं. घाबरून थिजते."

घार वरून येते, तसा आपला हातही वरून येतो. पळायला वाव नसला की दगडासारखं पडून राहायचं, एवढंच तिला ठाऊक. ठकी नाव तिचं, पण ठकलो आम्ही.

उचलायचं कसं ते डॉक्टरांनी दाखवलं. आधी समोरून हात हुंगू द्यायचा. मग एक तळवा छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच आपल्या छातीशी. मागचे पाय लोंबकळले की कण्याला हिसका बसतो. मांडीवर घ्यायची तर जमिनीवर बसून, कारण खुर्चीवरून पडली तरी हाड मोडतं. हात फिरवायचा तो कपाळावरून पाठीकडे, केसांच्या कलाने. पोटाला आणि पायांना नाही.

आखडण्याचं कारण मात्र निराळंच निघालं. माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरात सी जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि आम्ही तिला नुसत्या काकडीवर ठेवलेलं. मग कोथिंबीर, ढोबळी मिरची आणि पेरूची लहानशी फोड सुरू झाली. मूळच्या अँडीज पर्वताकडच्या, पेरू देशातल्या प्राण्याला पेरू मानवला. तिकडे यांना खायलाच पाळतात, हे मी आईला कधी सांगितलं नाही. दात जन्मभर वाढतात, ते झिजायला गवत हवं, म्हणून फडके रोडवरून रोज दूर्वांच्या जुड्या आणायचो. फुलवाली मला मोठा गणेशभक्त समजत असे.

वागणं बदलायला बरेच महिने गेले. लेक फरशीवर पालथी पडून पुस्तक वाचायची, हात नुसता पसरून. एके दिवशी ठकीने तिचं बोट हुंगलं. मग पिशवीचा चुरचुर आवाज आला की शीळ घालायला लागली, आणि मनात आलं की लाही फुटावी तशी जागच्या जागी उडायला. नको असलं की दात कडकड वाजवायची. तेवढ्यावर आम्ही हात काढून घ्यायला शिकलो. सहा वर्षं जगली ती. २०१३च्या पावसाळ्यात गेली.

आईने मात्र तिला कधी उचललं नाही. "उंदराच्या जातीला मी शिवायची नाही," हे पहिल्या दिवशीच जाहीर झालेलं. कदाचित त्यामुळेच असेल, ठकी आईच्या आसपास सर्वांत मोकळी असायची.

२००८च्या मे महिन्यातली संध्याकाळ. भारनियमनाची वेळ, घामाच्या धारा. ठकीसाठी शहाबादी फरशीचा तुकडा ओला करून ठेवला होता, तो सोडून ती अंधारात आईच्या पायाशी गेली. आई कोथिंबीर निवडत होती. एक काडी तिने पुढे केली. ती संपली, दुसरी केली. मग नाइलाज झाल्यासारखं एकच बोट ठकीच्या कपाळावरून पाठीकडे नेलं. पुन्हा नेलं. बराच वेळ कोणी बोललं नाही.

"लाइट आले वाटतं," आई म्हणाली. "फ्रीज लागल्यासारखी घुरघुर ऐकू येतेय."

लाइट यायला अजून तासभर होता.