तडकलेली फ्रेम घेऊन गांधीबागेत

माउंटन बाइकची फ्रेम एका झटक्यात क्वचितच तुटते. आधी ती तडकते, आणि तडा बहुधा जोडाशेजारी जातो: हॅण्डलखालच्या हेड ट्यूबला खालची नळी मिळते तिथे, पायडलांच्या आसामागच्या नळीवर, नाहीतर सीटचा दांडा जिथे आत शिरतो त्या तोंडाशी. या शेवटच्या ठिकाणचा तडा पुष्कळदा मालकाच्या हौसेचा असतो, कारण दांड्यावरच्या खुणेच्या वर सीट ओढली की सगळा भार नळीच्या ओठावर येतो. सेमिनरी हिल्स आणि गोरेवाड्याकडच्या मुरमाड, दगडगोट्यांच्या वाटांवर चालणाऱ्या सायकलीचा ताण मात्र हेड ट्यूबवर पडतो. दर खड्ड्याला तो चढतो आणि उतरतो. ताण एका मर्यादेच्या आत राहिला तर पोलाद वर्षानुवर्षे थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. बारीकसारीक हिसकेसुद्धा त्याच्या खाती जमा होत राहतात. जोडाजवळ रंगात केसासारखी रेघ दिसली, तर तिच्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले तर तो बहुधा नुसता ओरखडा नसतो. माझ्या सायकलीची रेघ हेड ट्यूबच्या खाली होती आणि बघता बघता तिने नळीला अर्धा वेढा घातला.

अशी सायकल चालवत नेणे म्हणजे दात पाडून घेण्याचे काम. नागपूर मेट्रोत सायकल घेऊन चढता येते. सीताबर्डीहून ॲक्वा मार्गिकेची गाडी कॉटन मार्केट, रेल्वे स्टेशन आणि दोसर वैश्य चौक ही स्थानके घेत अग्रसेन चौकात येते. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेला हा टप्पा सेंट्रल ॲव्हेन्यूच्या वरून जातो, त्यामुळे जुन्या नागपूरची छपरे, पाण्याच्या टाक्या आणि पाट्या खिडकीतून सलग दिसतात. जिना उतरून थोडे चालले की गांधीबाग. बाग नावाला एका कोपऱ्यात आहे. बाकी सगळा बाजार. कापडाचा ठोक व्यापार ही या भागाची मुख्य ओळख. औषधांचा बाजार जवळच, डागा स्त्री रुग्णालय इथलेच, आणि शेजारी इतवारीच्या ओळी सुरू होतात: सराफा ओळी, लोहा ओळी, पलीकडे मूर्तिकारांची चितार ओळी. गठ्ठ्यांच्या हातगाड्यांमधून तडकलेली सायकल हाताने ढकलत नेणाऱ्याकडे कोणी वळूनही बघत नाही.

पहिला थांबा वेल्डिंगवाल्याकडे, कारण फ्रेम तुटली की जोडून घ्यावी हीच आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया. जुन्या, साध्या काळ्या सायकलीच्या बाबतीत ती योग्यही होती. तिच्या पोलादी नळ्या कोपऱ्यांवरच्या खोबणींत बसवून पितळेने सांधलेल्या असत. सांधा सुटला तर गॅसच्या ज्योतीवर पुन्हा पितळ भरता येई. ॲल्युमिनियमचे तसे नाही. सायकलीच्या फ्रेमला बहुतेक ६०६१ नावाचा मिश्रधातू वापरतात आणि त्याची ताकद उष्णतेच्या संस्काराने आलेली असते. वेल्डिंगची आच लागली की जोडाच्या दोन्ही बाजूंचा धातू मऊ पडतो. कारखान्यात म्हणूनच वेल्डिंगनंतर अख्खी फ्रेम साधारण ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन थंड करतात आणि मग कमी उष्णतेवर काही तास मुरू देतात. हे टपरीत होत नाही. गॉगल कपाळावर चढवून कारागिराने रेघ पाहिली, बोटाने टकटक केली आणि म्हणाला, “जोडून देतो जी, पण याच्यावर बसायचं नाही.” इतका नेमका सल्ला पैसे न घेता क्वचितच मिळतो.

मग प्रश्न येतो नुसत्या फ्रेमचा. काळ्या सायकलीची फ्रेम, चिमटा, चाके हे सगळे सुटे मिळत आले, कारण दशकानुदशके तिची मापे बदलली नाहीत. आजोबांच्या सायकलीचे चाक नातवाच्या सायकलीत बसते. माउंटन बाइकची फ्रेम सुटी मागितली की दुकानदार पुन्हा एकदा विचारतो. नामांकित परदेशी कंपन्यांच्या फ्रेम सुट्या मिळतात खऱ्या, पण मागवून. आणि त्या किमतीत दुकानातली मधल्या दर्जाची अख्खी सायकल येते.

गंमत अशी की माउंटन बाइकचा जन्मच तुटक्या फ्रेममधून झाला. १९७६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुणांनी एका कच्च्या उतारावर ‘रीपॅक’ नावाची शर्यत सुरू केली. सायकली होत्या १९३०-४० च्या काळातल्या, जाड टायरच्या श्विन कंपनीच्या. उतारावर त्यांच्या मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून शर्यतीचे हे नाव. फ्रेमही मोडत. १९७७ मध्ये जो ब्रीझने क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची, खास याच कामाची नवी फ्रेम बांधली; १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजंपर’ मोठ्या संख्येने विकायला आली. त्या जुन्या सायकलींचे २६ इंची चाक पुढे तीसेक वर्षे माउंटन बाइकचे माप होऊन बसले.

आता तेच माप मागे पडते आहे आणि जुने सामान नव्या फ्रेमवर चढवताना अडचण इथेच सुरू होते. २६ इंची चाकाच्या रिमवर टायर बसतो तो व्यास ५५९ मिलिमीटर. साडेसत्तावीसचा ५८४ आणि एकोणतीसचा ६२२. (काळ्या सायकलीच्या अठ्ठावीस इंची रिमचा ६३५, म्हणजे एकोणतिसाहून जास्त. सायकलीच्या इंचांवर विश्वास ठेवू नये.) जुन्या मागच्या हबची रुंदी १३५ मिलिमीटर, नव्या महाग फ्रेमला १४२ किंवा १४८ लागते. चिमट्याची उभी नळी पूर्वी सरळ सव्वा इंचाहून थोडी कमी असे. आता ती खाली दीड इंचापर्यंत फुगते. सीटच्या दांड्याचे व्यास तर कंपनीगणिक निराळे. एवढे जुळवून शेवटी जुन्या सायकलीचे पायडल, सीट, मुठी, बाटलीचा स्टँड आणि लाइट एवढेच नव्यावर चढते. पायडल काढताना लक्षात ठेवावे, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात.

नवी सायकल निवडताना गिऱ्हाईक गिअर मोजते. आधी पाहावी ती फ्रेमची उंची. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहिल्यावर वरची नळी आणि जांघ यांत दोन-तीन बोटांची फट हवी. स्वस्त सायकलीला पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असेल तर ते वजन वाढवायलाच असते. पुढचे एक बरे असले की तेवढे पुरे. डिस्क ब्रेक मात्र नागपूरच्या पावसात उपयोगी पडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे, तेव्हा बिल पक्के घ्यावे. फ्रेमच्या वॉरंटीलाही तेच लागते, आणि पायडलांच्या आसाखाली कोरलेला फ्रेम नंबर बिलावर उतरवून घ्यावा.

सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते. उरलेले काम दुकानाचा फिटर करतो. तो हॅण्डल सरळ करतो, चाक फिरवून आऱ्यांना चावी लावत आउट काढतो, ब्रेकची तार ओढून पाहतो. हे काम उभ्याने बघावे, घाई करू नये. मी निवडलेल्या सायकलीचे पुढचे चाक ब्रेकच्या पट्टीला किंचित घासत होते. फिटरने दोन बोल्ट सैल केले, ब्रेक दाबून धरला, बोल्ट पुन्हा आवळले आणि आवाज थांबला. जुनी सायकल कबाडी वजनावर घेतो, ॲल्युमिनियमला लोखंडापेक्षा भाव जास्त. चाके, गिअर आणि क्रँक मात्र आधी उतरवून पंक्चरवाल्याला दिले तर ते कोणाच्या तरी सव्वीस इंची सायकलीला लागतात. नव्या सायकलीचे आरे आणि क्रँकचे बोल्ट पहिल्या महिनाभरात थोडे सैल पडतात, म्हणून एकदा पुन्हा आवळून घ्यायला फिटरकडे यावे लागते.