लेकराची सहाण

फुलसावंगी गावाकडच्या जुन्या घरांत दोन सहाणी असतात. एक देवाची, तिच्यावर फक्त चंदन. दुसरी लेकराची, आणि मला सांगायचं आहे ते तिच्याबद्दल.

दिसायला ती साधी. तळहाताएवढी, मध्ये किंचित खोलगट, चाटण ओघळायला कडेला बारीक पन्हळ. वर्षानुवर्षं फळीवर मुकाट पडून असते. घरात बाळंतीण आली की तिला बोलावणं येतं आणि डब्यातून तिची मंडळी बाहेर पडतात: हिरडा, मायफळ, जायफळ, वेखंड, हळकुंड, खारीक, बदाम. थोडं पाणी किंवा आईचं दूध आणि प्रत्येकाचे मोजके वेढे, की झाली बाळाची गुटी. कोणाचे किती, हा हिशेब आजीच्या बोटांत असतो. सगळ्यांत शेवटी आजी लेकीच्या बोटातली अंगठी मागते. "दोन येढे सोन्याचे दे वं माय, लेकराची बुद्धी चमकते."

सहाणीचा स्वभाव इथे कळतो. ती कोणाला लहानमोठं मानत नाही. हिरड्याला घासते तशीच सोन्यालाही. सोनं मऊ, दगड कठीण, म्हणून सोन्याचे कण सुटतात हे खरंच आहे. सोनाराच्या कसोटीवर उमटणारी रेघ तीच, फक्त गुटीत मिसळल्यामुळे दिसत नाही. आणि सहाण निवडही करत नाही. अंगठीत जे असेल ते सगळं उतरवते. बावीस कॅरटच्या डागात शंभरातले सुमारे ९२ भाग सोनं, बाकी तांबं, चांदी, कधी जस्त. केडीएम दागिन्यांच्या सांध्यात तर कॅडमियम असायचं, आणि ते मूत्रपिंडाला घातक. अंगठी मुलाम्याची असेल तर मुलाम्याखालचा धातूही आला.

या उगाळण्याला मोठं कूळ आहे. गृह्यसूत्रांतल्या जातकर्मात नवजात बाळाला सोन्यासह तूप-मध चाटवायला सांगितलं आहे. काश्यपसंहितेत तर प्रत्यक्ष सहाणच भेटते: धुतलेल्या दगडावर पाण्यात सोनं उगाळावं, मध-तुपात घोटून बाळाला चाटवावं, महिनाभराने बाळ बुद्धिमान होतं, सहा महिन्यांनी ऐकलेलं सगळं लक्षात ठेवतं. आज पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशनाची शिबिरं भरतात ती याच आधारावर. दगड धुऊन घ्यावा, हे सांगायला तो ग्रंथ विसरला नाही, याचं मला फार मोल वाटतं.

पण पोटात गेलेल्या सोन्याचं होतं काय? काहीच होत नाही. जठरातल्या आम्लाला ते दाद देत नाही. त्याला विरघळवायला नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण, म्हणजे अम्लराज लागतं. शुद्ध सोन्याचा वर्ख मिठाईवर चालतो तो यामुळेच. युरोपात त्याला ई-१७५ हा खाद्यरंगाचा क्रमांकसुद्धा आहे. आला तसा तो निघून जातो, आणि बुद्धीला काही देऊन जात नाही. शरीरात खरोखर शिरतं ते क्षारांच्या रूपातलं सोनं. विसाव्या शतकात संधिवातावर त्याची इंजेक्शनं देत, तेव्हा रक्त-लघवी सतत तपासावी लागे, कारण मूत्रपिंडाला इजा होण्याची भीती असे. सोन्याच्या भस्माचा प्रकार आणखी वेगळा. ते करताना अनेकदा पारा वापरतात. तपासणी न झालेलं भस्म तान्ह्या बाळाच्या जिभेवर ठेवू नये, असं मी ठामपणे म्हणेन.

धातू अंगात शिरला की काय करतो, हे महाराष्ट्राला पितळी पातेल्याने शिकवलं. लहान मुलांना यकृताचा एक भयंकर आजार व्हायचा. यकृत वाढून कठीण होई, कावीळ होई, आणि बहुतेक लेकरं दगावत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत अशा मुलांना काय पाजलं जातं याचा शोध घेतला. १९८३ मध्ये त्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. या बाळांना वरचं दूध फार लवकर सुरू झालेलं होतं, आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं होतं. दुधात तांबं उतरायचं आणि कोवळ्या यकृतात साचायचं. घराघरांतली भांडी बदलली आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आपल्या राज्यातली ही एवढी मोठी गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

सहाणीवरून तेवढं तांबं उतरत नाही. तिथला धोका सोन्याच्या सोबत्यांचा आहे. मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात, आणि ती साध्या उकळण्याने मरत नाहीत. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात. बाळ मलूल होतं, चोखणं मंदावतं, अंग लुळं पडतं, श्वासही अडू शकतो. शिवाय दगड ओला राहिला, पन्हळीत कालची गुटी राहिली, तर हगवणीला तेवढं पुरतं. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, असं आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविका, घरोघर सांगत फिरतात ते यासाठी. सहाणीला यात दोष देता येत नाही. तिच्यावर जे ठेवलं, ते तिने दिलं.

आणि बाळाला जो धातू खरोखर हवा असतो, तो तिच्यावर कधी उगाळलाच गेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या जवळजवळ ६९ मुलांना रक्तक्षय आढळला. त्याचं एक मोठं कारण लोहाची कमतरता. लोह कमी पडलं की मेंदूची वाढही मागे पडते. म्हणजे आजी ज्या बुद्धीसाठी अंगठी मागते, तीच अडते. अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिन्यांवरच्या बाळासाठी लोहाचं सिरप मिळतं. आठवड्यातून दोनदा, १ मिली, त्यात २० मिलिग्रॅम लोह. आशाताई ती बाटली घेऊन दारात येतील तेव्हा आजीनेच पुढे होऊन ती घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. कारण लेकराला काय चाटवायचं, हे या घरांत अजून तिच्याच शब्दाने ठरतं.